सावंतबाईंचा कान

कुमुद सावंत पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या तेव्हा त्यांनी बसण्याआधी खुर्ची हलवून बघितली. मग बसल्या, पण पाठ टेकली नाही. वय अडुसष्ट, सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी स्वतःचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"तुमचा नको," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या कानातलं मी माझ्या कानात घालत नाही."

त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होत्या. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी खरखरत्या लाइनीवरून परक्या माणसांची नावं आणि गावं टिपून घेतली होती. मला नेमका तसा कान हवा होता.

कामोठ्यात पिठाच्या गिरणीच्या वर आमचं केंद्र आहे. तीन खोल्या, एक गॅलरी. तिथली व्यवस्था मी बघते, म्हणजे वेळापत्रक, फाइली, किल्ल्या आणि पालकांची भांडणं. येणारी मुलं बहुतेक एकाच तक्रारीची. कान ठीक, जीभ ठीक, समज चांगली. काय बोलायचं ते डोक्यात पक्कं असतं, पण मेंदूचा हुकूम जिभेपर्यंत नीट पोचत नाही. एकच शब्द तीनदा म्हणायला सांगितला तर तीन तऱ्हांनी बाहेर पडतो. मग मूल बोलायचंच सोडून देतं आणि बोटं दाखवायला लागतं.

आमच्या स्पीच थेरपिस्ट रेगे मॅडम अशा मुलांवर दोन पद्धती ताडून बघत होत्या. एक जुनी, सुटे सुटे आवाज घोटून घेण्याची. दुसरी नवी, अख्खा शब्द हळू, तुकड्यातुकड्यांनी, गुडघ्यावर बोटाने ठेका देत म्हणण्याची. कोणत्या मुलाला कोणती, हे चिठ्ठी टाकून ठरलं. उपचाराआधी आणि उपचारानंतर प्रत्येक मुलाला वीस चित्रं दाखवायची आणि त्याने म्हटलेले शब्द रेकॉर्ड करायचे. प्रत्येकाची वीस चित्रं वेगळी, पण दोन्ही वेळा तीच आणि त्याच क्रमाने. हे शब्द मधल्या काळात कोणीही शिकवायचे नाहीत, कारण न शिकवलेला शब्द सुधारला तरच उपचार लागू पडला म्हणायचा.

सुधारला की नाही हे ठरवणार कोण? आईला आपल्या मुलाचं कळतंच. थेरपिस्टलाही महिन्याभरात कळायला लागतं. प्रश्न असतो रिक्षावाल्याचा, दुकानदाराचा, शाळेतल्या बाईंचा. म्हणून ज्याने मुलाला कधी पाहिलं नाही आणि रेकॉर्डिंग आधीचं की नंतरचं हे ज्याला माहीत नाही, असा एक परका माणूस हवा होता. सावंतबाईंइतकं परकं राहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या मागच्या जिन्याने यायच्या, कारण पुढच्या खोलीत मुलं बसलेली असत. आमचा चहा घेत नसत. स्वतःचा थर्मास आणत आणि तोही पिशवीतून काढल्यावर झाकण घट्ट आहे का ते तपासत. एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानात कापूस. ऐकायचं आणि पेन्सिलीने लिहायचं. शब्द कळला नाही तर आडवी रेघ. त्या रेघा त्या इतक्या सफाईने मारत की बघणाऱ्याला वाईट वाटावं.

"अहो, हा तर 'पपई' म्हणतोय," पहिल्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावरून म्हणाले.

त्यांनी हेडफोन काढला. "ऐकलंत की अंदाज केलात?"

"म्हणजे, तसंच वाटतंय."

"वाटायला काय, मला आज सुट्टी आहे असंही वाटतंय. तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसले.

त्यांच्या संशयाला जात, वय, हुद्दा काही वर्ज्य नव्हतं. फोन वाजला की उचलून गप्प राहायच्या. समोरच्याने आधी बोलायचं आणि तो कोण ते पटलं तर ह्या बोलणार. रिक्षात बसण्याआधी रस्ता कुठून कुठून नेणार ते वदवून घ्यायच्या. त्यांच्या सोसायटीने पाण्याची टाकी धुतल्याची नोटीस लावली, तेव्हा ह्या गच्चीवर जाऊन शिडीने वर चढल्या आणि आत हात घालून शेवाळ काढून आणलं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून सेक्रेटरीच्या दाराच्या कडीला अडकवलं. सेक्रेटरी त्यांना अजून जिन्यात वाट देतो, असं त्या समाधानाने सांगत.

एका आईने बारशाचे पेढे वाटले. एक मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पेन्सिलीने माझ्याकडे परत ढकलला.

"कोणाचा, ते सांगू नका. आणि नेऊन टाका. पेढा तोंडात असताना कान कडक राहत नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

"कुठलं रेकॉर्डिंग आधीचं आणि कुठलं नंतरचं ते मला कळायला नको ना?"

"नकोच."

"मग मला कळतंय. काही रेकॉर्डिंगमध्ये पंखा टकटक करतोय. काहींमध्ये एसी घुमतोय. एसी बसवलात कधी?"

जुलैमध्ये. आधीची रेकॉर्डिंग्ज एप्रिल-मेमधली, नंतरची ऑक्टोबरमधली. मी नंबर उलटसुलट करून, गठ्ठे पिसून इतकी कडेकोट व्यवस्था केली होती आणि छताचा पंखा सगळं सांगत होता. तीन दिवसांचं काम रद्द झालं. रेगे मॅडमच्या ओळखीतल्या एका साउंडवाल्याने सगळ्या रेकॉर्डिंगवर एकसारखी टकटक आणि घुमघुम चढवून दिली, तोवर आठवडा गेला. रेगे मॅडम वैतागल्या.

"एवढं बारीक कोण ऐकतं?" त्या मला म्हणाल्या.

"तेच ऐकायला आपण त्यांना बोलावलंय," मी म्हणाले. पण मनातून मलाही बाईंचा राग आला होता. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलं असतं?

नोव्हेंबर संपता संपता सावंतबाईंनी मला पुन्हा आत बोलावलं. ह्या वेळी दाराला कडी लावली.

"पेपर फुटलाय," त्या म्हणाल्या.

"कसला पेपर?"

"बेचाळीस नंबर ऐका. कान चित्राकडे ठेवा, शब्दाकडे नको."

मी ऐकलं. कुणी लहान मूल एकेक शब्द म्हणत होतं. खिडकी. चप्पल. टोपली. शब्द चांगले येत होते. मला तर आनंदच झाला.

"पुठ्ठ्याचं चित्र उलटलं की फट् आवाज येतो," बाई म्हणाल्या. "बाकीच्या मुलांचं आधी फट्, मग शब्द. हिचं आधी शब्द, मग फट्. चित्र दिसायच्या आधी पोरगी नाव सांगते. ज्योतिषी आहे काय?"

मी पुन्हा ऐकलं. वीसातले सहा-सात शब्द खरोखर चित्राच्या आधी येत होते. मुलीला क्रम पाठ होता.

"अशी आणखी सहा रेकॉर्डिंग्ज आहेत." त्यांनी नंबरांची चिठ्ठी पुढे केली. "यादी घरी गेलीय. कोणी दिली?"

मी वहीत बघितलं. बेचाळीस नंबर म्हणजे ओवी जगदाळे, वय सहा, करंजाड्याची, उपचारानंतरचं रेकॉर्डिंग. नाव मी बाईंना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस केंद्रात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. सावंतबाईंचा पहिला संशय रेगे मॅडमवर, आणि तो त्यांनी तोंडावर सांगितला.

"निकाल चांगला लागला तर कौतुक तुमचं. मग तुम्ही पहिल्या."

रेगे मॅडम लाल झाल्या. "मी माझ्याच अभ्यासाचं वाटोळं कशाला करीन?"

"लोक करतात. माझ्या सुपरवायझरने केलं होतं."

मला सफाईवाल्या मावशींचा संशय होता, कारण कपाटाची धूळ त्या पुसतात. मावशींना माझा होता, पण त्या बोलल्या नाहीत. माझ्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती, तेव्हा मी निर्धास्त होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सावंतबाई मागच्या जिन्याने आल्या आणि गॅलरीच्या काचेच्या दाराबाहेर थांबून राहिल्या. आत येईनात. दारावर मी गणपतीच्या सुट्ट्यांची नोटीस चिकटवली होती. सण होऊन अडीच महिने झाले तरी ती काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्या बाहेरून काचेला नाक लावून काहीतरी वाचत होत्या.

"मॅडम, जरा इकडून या," त्यांनी काचेवर टकटक केली.

मी बाहेर गेले. काचेतून नोटिशीची मागची बाजू दिसत होती. त्यावर वीस शब्दांची यादी छापलेली होती, वर मुलाचा नंबर.

पाठकोरे कागद वाया घालवायचे नाहीत ही माझी शिस्त. याद्यांची छपाई पहिल्या वेळी फिकट आली, मी ती पुन्हा काढली, आणि फिकट गठ्ठा पाठकोरा म्हणून ठेवला. ऑगस्टमध्ये त्याच गठ्ठ्यावर सुट्ट्यांची नोटीस छापून प्रत्येक पालकाच्या हातात दिली. स्वतःच्या हाताने.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मी."

"हां," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर माझा संशय चौथ्या नंबरला होता. चुकलंच माझं."

पुढचं कळायला वेळ लागला नाही. नोटिशीमागे कोणाला कोणाची यादी आली हे बघून पालकांनी व्हॉट्सॅप ग्रुपवर अदलाबदल केली होती. 'सतरा नंबरची मम्मी कोण? तुमची लिस्ट माझ्याकडे आलीय.' 'थँक्यू ताई, तुमची पाचवाल्यांकडे हाय.' एकीने सगळ्या याद्यांचे फोटो टाकून वर लिहिलं होतं, 'आयएमपी'. कोणालाही आपण काही गैर करतोय असं वाटलेलं नव्हतं.

सात मुलांची परीक्षा नव्या चित्रांवर पुन्हा घ्यायची ठरली. मी आयांना एकेक करून बोलावलं. ओवीची आई सुजाता जगदाळे. मूळची साताऱ्याकडची, नवरा महाप्यात एका कंपनीत शिफ्टवर. ती उभ्यानेच बोलली.

"ओ ताई, परीक्षेला काय येनार ते कागदावर लिहून तुमीच दिलं. आता कुठली आई पाठ करून घेनार नाय, सांगा की. आमी काय चोरी केली का?"

"चोरी नाही म्हणत मी. पण निकाल खोटा पडतो."

"माझ्या पोरीनं तीन-तीन तास बसून त्ये वीस शब्द काढले तोंडातनं. खोटं कसं? शाळेत पहिलीला घ्यायला तुमचं पत्र मागितलंय, परक्या मानसाला हिचं बोलनं कळतंय म्हनून. तुमी आता परत परीक्षा घेनार, ती घाबरनार, नि शाळा म्हननार, न्हाई घेत. स्पेशल शाळेत टाका म्हनत्यात ती लोकं. वर्ष वाया गेलं तर तुमी भरून देनार का?"

ती गेल्यावर मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. सावंतबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"कोण ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण ही खरं बोलली. हिच्यावर आवाज चढवू नका."

त्यांनी कोणावर तरी विश्वास ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

डिसेंबरमध्ये पुन्हा रेकॉर्डिंग झालं. बाईंच्या कागदावर ओवीचे वीसपैकी नऊ शब्द उतरले, अकरा रेघा. उपचाराआधी चार शब्द होते. पाठ केलेल्या यादीवर सतरा आले होते. रेगे मॅडम म्हणाल्या, चारावरून नऊ हेसुद्धा चांगलं आहे. चांगलं होतंच, पण शाळेला दाखवायला नऊ हा आकडा काही कामाचा नव्हता.

मी व्यवहारी बाई आहे. मी सावंतबाईंना म्हटलं, "अभ्यासात नऊच घालू. पण शाळेच्या पत्रात सतरा लिहू. ते शब्दही तिनेच म्हटलेत आणि तुम्हीच ऐकलेत. मुलीचं वर्ष वाचेल."

"आणि शाळेत गेल्यावर?"

"होईल हळूहळू."

"पोटात दुखतंय हे बाईंना कळलं नाही तर? बाई म्हणणार, हो हो, बस जागेवर." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आमच्याकडे गिऱ्हाइकं अशीच 'हो हो' करायची. कळलेलं नसायचं. दहा मिनिटांनी तोच माणूस पुन्हा लाइनीवर, आता चिडलेला. माका सगळा माहीत आसा ह्या हो हो." चिडल्या की त्यांच्या तोंडून कुडाळ बाहेर यायचं. "ह्या मुलीचं माझ्याकडचं काम संपलं का? सही झाली?"

"झाली."

"मग आता भेटले तर चालेल."

त्या दिवशी त्या पहिल्यांदा पुढच्या जिन्याने उतरल्या.

पत्रात नऊच लिहिलं आणि ते घेऊन सुजाता, ओवी, बाई आणि मी शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापिका सावंतबाईंच्याच तोडीच्या निघाल्या. पत्र बाजूला सारून त्या म्हणाल्या, "नऊ म्हणजे काय? आणि नऊ तरी खरे कशावरून? पालक पढवून आणतात. दरवर्षी बघतो आम्ही."

सुजाताने मान खाली घातली. सावंतबाईंचा चेहरा मात्र उजळला. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा मनासारखं माणूस भेटलं होतं.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणूनच प्रश्न तुम्ही विचारायचे. समोरासमोर नको, हातवारे दिसतात. फोनवर विचारा. मुलगी खाली गेटपाशी राहील, ह्या मॅडम तिच्याबरोबर. आई इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. ऐकाल तेच लिहा, वाटेल ते नको. कळलं नाही तर नका घेऊ."

"अहो पण..." सुजाता म्हणाली.

"तू बस."

मी ओवीला घेऊन खाली गेले. मुख्याध्यापिकांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मी तो स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला. नाव विचारलं, ओवीने सांगितलं. डब्यात काय आणलंस विचारलं. ते तिने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मलाही कळलं नाही. मग वरून प्रश्न आला, "तुझ्या समोर कोण आहे? काय करतंय?"

ओवीने आजूबाजूला बघितलं. तिचे ओठ नुसतेच हलले. मला माहीत होतं उत्तर काय, आणि ते ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी तोंडावर हात धरला. तिने फोन डाव्या हातात घेतला, उजव्या हाताचं बोट मांडीवर टेकवलं आणि ठेका धरला.

"वॉच. मन. झोप. ला. य."

"काय? परत सांग."

बोट पुन्हा चाललं. "वॉच-मन झोप-लाय."

मग वरच्या खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. मी वर बघितलं. मुख्याध्यापिका खिडकीतून वाकून गेटकडे बघत होत्या. गेटशेजारी खुर्चीत वॉचमन टोपी डोळ्यांवर ओढून निवांत घोरत होता.

"ओ पाटील!" वरून हाक आली. पाटील दचकून उठला आणि त्याने गेटला सलाम ठोकला. ओवी हसली. त्या मुलीला मोठ्याने हसताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

आम्ही वर गेलो तेव्हा मुख्याध्यापिकांच्या कागदावर पाच प्रश्नांपुढे तीन उत्तरं आणि दोन रेघा होत्या. बाईंच्या शेजारी बसून बसून त्यांनीही रेघच मारली होती.

"घेते मी हिला," त्या म्हणाल्या. "पण वर्गशिक्षिकेला सांगून ठेवीन, कळलं नाही तर परत विचारायचं."

"लिहून द्या," सावंतबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहून दिलं. बाईंनी तो कागद उजेडात धरून मागची बाजू तपासली, मग सुजाताच्या हातात दिला.

रेगे मॅडमचा अभ्यास पुढे पूर्ण झाला. नव्या पद्धतीची मुलं थोडी जास्त सुधारली; मॅडमना वाटलं होतं त्यापेक्षा कमी, पण जे आहे त्यावर बोट ठेवता येत नाही. सावंतबाई जानेवारीत बहिणीकडे कुडाळला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. मी एकदा फोन केला. त्यांनी उचलला, नेहमीसारख्या गप्प राहिल्या, मी नाव सांगितल्यावर "खरंच का?" म्हणाल्या, आणि खात्रीसाठी माझ्या कपाटात किती खण आहेत ते विचारलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ओवीला शाळेत नेलं त्याच दिवशी, शाळेच्या बाहेर. मला केंद्र उघडायचं होतं म्हणून मी रिक्षा थांबवली. मागे वळून बघितलं तर फुटपाथवर ओवी बाईंच्या पदराला धरून त्यांना काहीतरी सांगत होती. सुजाता मध्ये पडून अर्थ सांगायला लागली, तर बाईंनी हात आडवा करून तिला गप्प केलं. गुडघ्यांवर हात टेकून त्या खाली वाकल्या.

"नाही कळलं," त्या म्हणाल्या. "परत सांग."

ओवीने परत सांगितलं.

"नाही."

कोणी हसून मान हलवायला तयार नव्हतं याचंच बहुधा त्या मुलीला नवल वाटलं. ती रडली नाही. तिने जरा विचार केला, पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रिक्षा वळली तेव्हा चौथी खेप चालू होती, आणि बाई तशाच वाकलेल्या होत्या.